दमाजी रेड्याचा टिळा

“ज्याचं काम झालं, त्याला टिळा लावायचा. शिंगं बघून चोच आवरायची नाही.”

तुंगा साळुंकीला माय जनुकाने जन्मतःच एवढं सांगितलं होतं.

यीस्टच्या एका पेशीत एक राज्य होतं. तिथली प्रथिनं म्हणजे जनावरं. बैल ओझी वाहायचे, खारी साखर फोडायच्या, दमाजी रेडा वेशीवर उभा राहून साखर आत ओढायचा. काम संपलेल्याला तुंगा टिळा लावायची. टिळा दिसला की चक्की त्याला दळून सुटे दाणे करायची. त्याच दाण्यांतून सुगरण नवी पिल्लं विणायची. देवापुढचं निर्माल्य उचलावं, इतकं साधं होतं ते.

साखर आपल्यामुळे येते, असं सांगत सांगत दमाजी राजा झाला. पुढे बाहेरची साखर संपली. दमाजी संपला नाही.

तुंगा टिळा घेऊन गेली, तेव्हा तो म्हणाला, “बाई, माझं काम आत्ता कुठे सुरू झालंय!” लगेच हुकूम निघाला: ज्येष्ठांना टिळा लावणं हा राज्याचा अपमान. लावायचाच, तर साखर कुठे गेली असं विचारणाऱ्या खारींना लावा.

“त्या खारी तर कामात आहेत हो,” तुंगा हळूच म्हणाली आणि घरी आली. टिळ्याविना चक्की बंद पडली.

बिनकामाचे मंत्री एकमेकांना चिकटून त्यांचा भलामोठा गोळा झाला. त्याला त्यांनी स्थिर सरकार म्हटलं. निवडणूकही झाली. मतदान गोळ्यातच उरकलं. बाकीच्यांना उभं राहायला जागा नव्हती.

एके सकाळी सुगरणीने हाक मारली. तिच्यापुढे खारीचं अर्धं पिल्लू धडपडत होतं. मागचे पाय विणायचे राहिले होते.

“दाणे नाहीत गं. दुपारपर्यंत असंच राहिलं तर उसवेल.”

दरबारातून दमाजीचं भाषण ऐकू येत होतं. “बंधूंनो, अर्धं पिल्लू म्हणजे अर्धीच भूक! उरलेलं अर्धं पुढच्या जाहीरनाम्यात देऊ!”

“ऐकलंस?” सुगरण म्हणाली. “याच्या पायांचे दाणे त्या मेल्याच्या अंगात अडकलेत.”

तुंगाने पिल्लाला चोचीने सावरलं. “दुपारच्या आत आणते. शब्द दिला.”

मग तिने नेमाने हात जोडावेत तसे पंख जोडले, टिळ्याचं तबक घेतलं आणि दरबाराची वाट धरली. पहारेकऱ्यांनी तिला अडवलं नाही. तबक घेऊन येणारा सत्कारालाच येतो, अशी त्या दरबाराची खात्रीच झाली होती.