ठकूमाळिणीचं उलटं झाड

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या नांदरवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी होतं तेव्हाची ही गोष्ट. इनामदारांच्या घरापुढे मोठी हिरवळ होती आणि ती राखायला ठकू नावाची माळीण होती. तिच्या हाताला असा गुण होता की तिनं वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटायची, असं म्हणतात. गळ्याला मात्र काडीचा गुण नव्हता. ती गायला लागली की मोटेचे बैलसुद्धा थबकायचे.

त्या वर्षी इनामदारांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. त्या घराण्याची रीत अशी, की चारचौघांत डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. आणि मोठ्या घरात चारचौघं नाहीत अशी जागा कुठे असते? मुलाच्या आईनं, मैनाबाईंनी, सगळं रडू आत कोंडून धरलं. त्यांचं बोलणं गेलं, मग जेवण सुटलं. वैद्यानं हात टेकले. बाई आता काही जगत नाहीत, असं गाव बोलू लागलं.

ठकूला राहवेना. तिनं ओढ्याकाठच्या वाळुंजाची एक फांदी आणली आणि हिरवळीच्या मधोमध रोवली, तीही उलटी. शेंडा मातीत, बुडखा आभाळाकडे. लोक हसले. "ठकूबाई, जलम बागेत गेला आन् शेंडा कुठला, बुडखा कुठला कळंना व्हय?"

ठकू म्हणाली, "मला खाली येणारं झाड पायजे. वर जाणारी लई हायेत."

आणि झाड खाली आलं. बाईंच्या पोटात जेमतेम जाणारी घोटभर पेजही बंद व्हायच्या आत ते माडीएवढं उंच झालं आणि त्याच्या फांद्या चहूबाजूंनी थेट जमिनीवर लोळू लागल्या. आत शिरलेलं माणूस बाहेरून दिसायचं नाही, असं म्हणतात.

ठकूनं मैनाबाईंना हाताला धरून आणलं. "बाईसाहेब, आत बसा. हितं कुनी न्हाई." बाई आत गेल्या. आतला हुंदका घरापर्यंत जाऊ नये म्हणून ठकूनं झाडाकडे पाठ केली आणि मोठ्यानं गायला सुरुवात केली. दिवसभर गात राहिली. तिन्हीसांजेला बाई बाहेर आल्या आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "पाणी दे," म्हणाल्या.

इनामदारांना कळलं तेव्हा ते कुऱ्हाड घेऊनच आले. "माझ्या दारात रडकं झाड?"

ठकूनं हातापाया पडायचं सोडून वाट दिली. "तोडा मालक. पर बुंधा आत हाय. आत गेल्याबिगर कुऱ्हाड पोचायची न्हाई."

इनामदार आत गेले. फांद्या त्यांच्यामागे आपोआप मिटल्या, असं म्हणतात. बराच वेळ घाव काही ऐकू येईना. शेवटी तेही त्या पोराचे बापच होते. ठकूनं पुन्हा पाठ केली आणि गाऊ लागली, आणि या खेपेला मैनाबाईही तिच्याबरोबर गायल्या. कुऱ्हाड आतच राहिली. पुढे तिच्या दांड्यालाही पालवी फुटली, असं म्हणतात. तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मी ठेवतो.

ठकू जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या. इनामदारांचं घर गेलं, हिरवळ गेली, पण झाड आहे. आजही कुणी त्या झाडाखाली जाऊन बसलं, की जवळपासचं माणूस, मग ते कोणीही असो, झाडाकडे पाठ करतं आणि मोठ्यानं गातं. आतला बाहेर आला की काय झालं म्हणून विचारायचं नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे करायचा. गाव याला ठकूचं गाणं म्हणतं. सुरात जमलं तर ते ठकूचं नव्हे.

माझी बायको गेली त्या साली मीही आत बसलो होतो. बाहेर कोणीतरी फार भसाड्या आवाजात गात होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. बाहेर आलो, तर बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं माझ्याशी न बोललेला शेजारी तांब्या धरून उभा होता. त्याचा घसा पार बसला होता.