ठिपकीचा लाल दाणा आणि अंधारलेला पडदा

एवढीशी, एवढुश्शी, मोहरीएवढी मुंगी. नाव तिचं ठिपकी. पण तोरा बघा, हत्तीएवढा!

दसऱ्याचा दिवस होता. शालनआत्याने लॅपटॉपची पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. झेंडूचं फूल ठेवलं. वर चिमूटभर अक्षता. लाल लाल तांदूळ!

एक दाणा घरंगळला. ठिपकीने पाहिला.
"हा माझा! याची आज खीर. बिळात सगळी वाट बघताहेत!"

ठिपकीने दाणा ओढला. हुश्श हुश्श ओढला. आणि सट्कन! दाणा गेला बटणांच्या फटीत.

तिथे होतं एक बटण. त्यावर छोट्या सूर्याचं चित्र. दाण्याने बटण दाबून धरलं. दबलं ते दबलंच! पडदा झाला मंद. आणखी मंद. आणि गुडुप्प! काळाकुट्ट.

"अगं बाई!" आत्या ओरडली. आत्या लग्नाच्या पत्रिका करते ना! "नवरी दिसेना, नवरा दिसेना! आता पत्रिका करू कशी?"

ठिपकी रडली. थोडीशीच हं! मग डोळे पुसले आणि म्हणाली, "दाणा माझा, मी घेणार!"

तुरु तुरु तुरु, गेली बटणाकडे.
"बटणदादा, बटणदादा, दाणा दे!"
"नाही देत जा! मीच दबलोय. चिमटा आला, तर देईन."

तुरु तुरु तुरु, गेली चिमट्याकडे. चिमटा बसला होता डब्यात. कपाळाला कुंकू, अंगावर झेंडू. केवढा रुबाब!
"चिमटेमामा, चिमटेमामा, ऐक!
दाणा गेला फटीमध्ये,
बटण म्हणतं, चिमटा हवा.
दाणा माझा, मी घेणार!"
"नाही येत जा! आज माझी पूजा झालीय. आत्याने धरलं, तर येईन."

तुरु तुरु तुरु, गेली आत्याकडे.
"आत्याबाई, आत्याबाई, ऐक!
दाणा गेला फटीमध्ये,
बटण म्हणतं, चिमटा हवा.
चिमटा म्हणतो, आत्या हवी.
दाणा माझा, मी घेणार!"
"थांब गं ठिपके! आधी पडद्याला काय झालंय ते बघू दे. अंधारात चिमटा कुठे खुपसू? टॉर्च मिळाला, तर धरीन."

तुरु तुरु तुरु, शोधलं इथे, शोधलं तिथे. टॉर्च कुठे? गादीवर! आणि टॉर्चवर कोण? बोकोबा! घुर्रर्र घुर्रर्र, झोपलाय मस्त.
"टॉर्चभाऊ, टॉर्चभाऊ, ऐक!
दाणा गेला फटीमध्ये,
बटण म्हणतं, चिमटा हवा.
चिमटा म्हणतो, आत्या हवी.
आत्या म्हणते, टॉर्च हवा.
दाणा माझा, मी घेणार!"
"नाही पेटत जा! चेंगरलो ना मी! बोका उठला, तर पेटेन."

तुरु तुरु तुरु, चढली बोक्याच्या मिशीवर.
"बोकोबा, बोकोबा, ऐक!
दाणा गेला फटीमध्ये,
बटण म्हणतं, चिमटा हवा.
चिमटा म्हणतो, आत्या हवी.
आत्या म्हणते, टॉर्च हवा.
टॉर्च म्हणतो, बोका उठवा.
दाणा माझा, मी घेणार!"

बोक्याने एक डोळा उघडला.
"नाही उठत जा! कोण तू? एवढीशी!"

एवढीशी? ठिपकीला म्हणे एवढीशी! ठिपकी गेली मिशीवरून नाकावर. आणि... कट्कन चावली!

"म्याँव!" बोका उडाला टुण्ण!
टॉर्च घरंगळला, गड गड गड. पेटला टक्कन!

"इथे होता होय हा!" आत्याने टॉर्च उचलला. पडद्यावर तिरका धरला. डोळे बारीक केले.
"दिसली! नवरी दिसली! पुसट आहे, पण आहे. म्हणजे पडदा धड आहे. नुसता उजेड गेलाय."

मग तिने दाबलं उजेड वाढवायचं, मोठ्या सूर्याचं बटण. पडदा उजळला! आणि लगेच विझला. पुन्हा दाबलं. उजळला! पुन्हा विझला.
"अस्सं! छोट्या सूर्याला कुणी दाबून धरलंय?"
टॉर्च गेला फटीवर. आत काय? लाल लाल दाणा!

आत्याने आधी लॅपटॉप बंद केला. वायर काढली. मग घेतला चिमटा. हळू, हळू, हळू...
टिक! दाणा निघाला.
टुण्ण! बटण वर आलं.

आत्याने लॅपटॉप सुरू केला. मोठा सूर्य दाबला, टिक टिक टिक! पडदा उजळला. उजळला तो उजळलाच! नवरी दिसली. नवरा दिसला. नवऱ्याच्या मिशासुद्धा दिसल्या!

"झालं बाई!" आत्या हसली. "आता हा दाणा टाकते केरात."

"केरात?" ठिपकी चढली थेट चिमट्याच्या टोकावर. उभी राहिली ताठ.
"बोका उठला,
टॉर्च पेटला,
आत्याने चिमटा धरला,
बटणाने दाणा सोडला.
सगळ्यांना मी हलवलं! दाणा माझा, मी घेणार!"

आत्याने जीभ चावली.
"चुकलं गं माझं! तू बोका उठवलास, म्हणून तर पत्रिका दिसली. घे, तुझाच आहे! आणि पुढच्या दसऱ्याला अक्षता वाहीन लॅपटॉपच्या शेजारी. वर नाही!"

तिने दाणा ठेवला ठिपकीपुढे. ठिपकीने तो उचलला डोक्यावर. तुरु तुरु तुरु, निघाली बिळाकडे. वाटेत बोका बसला होता नाक चोळत. तो मुकाट्याने बाजूला सरकला.

बिळात शिजली लाल लाल खीर. सगळ्यांनी खाल्ली भुरुक भुरुक. वाटी झाली चाटूनपुसून, आणि आपली गोष्ट गेली ठिपकीच्या पोटात!