वीतभर उंच हौदा

ओढ्याकाठच्या एका गावात हिंदुराव नावाच्या गृहस्थांची रोपवाटिका होती. मिरची-टोमॅटोच्या रोपांचे क्रेट त्यांच्या पिकअप गाडीतून गावोगाव जात. ते गाडीत चढवायचं काम गजराबाई आणि तिच्यासोबतच्या पाच बायका करत. दिवसाला दोनशे क्रेट, आणि हे सलग नऊ वर्षं.

गाडी पार खिळखिळी झाली, तेव्हा तालुक्याच्या शोरूममध्ये दुसरी बघायची ठरली. तिथे दोन गाड्या होत्या. एक गेल्या सालचं, आता बंद होणारं मॉडेल. दुसरं यंदाचं, सुधारून आलेलं. निवड करायला हिंदुरावांनी सोबत तिघे घेतले: मेहुणा, माजी सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन.

गजराबाई म्हणाली, “मालक, मी बी येते बघायला.”

“तुला गाडीतलं काय कळतंय?” हिंदुराव हसले. त्यांचं बघून ते तिघेही हसले. गजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती वळून क्रेट उचलायला लागली.

शोरूममध्ये चौघे आळीपाळीने सीटवर बसले. नवा स्क्रीन पाहिला, गाणी वाजवली, दिवे लावले, विझवले. यंदाच्या गाडीचा हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, जुन्यापेक्षा वीतभर उंच होता. ते एकालाही दिसलं नाही. दिसणार कसं? चौघांपैकी एकानेही उभ्या जन्मात क्रेट उचलला नव्हता!

यंदाची नवी गाडी दारात आली. हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. गजराबाईने पहिला क्रेट उचलला. आजवर हौदा कमरेशी यायचा, आता तो छातीशी आला.

“मालक, ही उंच झालीया. खांदं निखळतील आमचं.”

“होईल सवय,” हिंदुराव म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

तिसऱ्या दिवशी त्या पाचजणींतल्या छबूबाईच्या खांद्यातून कळ निघाली. क्रेट हातून सुटला, रोपं मातीत पडली. ती बिचारी खांदा धरून खाली बसली, आणि हिंदुराव धावले ते रोपांकडे!

“नीट धरता येत नाही का गं?”

तेव्हा मात्र गजराबाईचा संयम सुटला. हातातला क्रेट तिने खाली ठेवला.

“गाडी बघाया चार माणसं गेलासा. बसायची जागा बघितली, गाणी ऐकली. भरायची जागा कुणी बघितली का? आता त्या चौघांनीच भरायचं. आम्ही हात लावणार न्हाई.”

सहाही बायका शेडनेटच्या सावलीत जाऊन बसल्या. रोपं ऊन तापायच्या आत पोचवायची होती. हिंदुरावांनी फोनवर फोन केले. माजी सरपंचांना एकाएकी मीटिंग आठवली. चेअरमननी फोनच उचलला नाही. मेहुणा आला, आठ क्रेट चढवले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हिंदुराव एकटेच उचलत राहिले. विसाव्या क्रेटला त्यांचे हात वर जाईनात. दुपारपर्यंत निम्मी रोपं माना टाकून पडली.

घामाने निथळत ते गजराबाईसमोर आले. “चुकलं माझं. चल, ती जुन्या मॉडेलची गाडी बदलून मागू.”

दोघं शोरूमला गेली. ती गाडी आदल्या दिवशीच विकली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कामावर आल्या. छबूबाई घरी होती, तिची रोजची मजुरी मात्र चालू होती. गाडी भरायच्या जागी जमिनीत एक उतरता खड्डा खणलेला होता. हिंदुराव त्यात कुदळ घेऊन उभे होते. त्यांनी गाडी मागे घेऊन त्यात उतरवली आणि विचारलं, “गजराबाई, आता बघा बरं.”

तिने क्रेट उचलून हौद्यावर ठेवला.

“अजून चार बोटं खाली.”

हिंदुरावांनी गाडी पुढे घेतली आणि ते कुदळ घेऊन पुन्हा खणायला लागले.

तात्पर्य: ज्याच्या अंगावर रोजचं ओझं पडणार, त्याला न विचारता केलेली निवड ही निवड नव्हे, मुजोरी आहे.