पांढरीचं नाक

देह नावाच्या गावात, गुडघ्याच्या वेशीवर पांढरी नावाची एक पेशी राखण करायची. डोळे नव्हते, पण नाक भारी तिखट.

एकदा गुडघ्यात काटा रुतला. खवट तेलासारखा वास येताच पांढरीनं बहिणींना हाका मारून आग पेटवली. काटा जळून गेला, तरी वास जाईना. म्हणून ती आणखी पेटवत राहिली. गुडघा सुजून लालबुंद झाला.

शेजारचे हाडोबा कण्हत म्हणाले, "पोरी, काटा केव्हाच संपला. आता माझं घर जळतंय."

"मग हा वास कुणाचा? माझं नाक कधी चुकत नाही!"

"नाहीच चुकत. जरा आग पेटवणारे स्वतःचे हात हुंगून बघ."

पांढरीनं हात हुंगले. तोच खवट वास! तिनं ते पाठीमागे लपवले. ती पुटपुटली, "हाडोबा, फार भाजलं का हो?"