डाळिंबाचा ताण आणि शिंगाड्याची वेल

फार पूर्वीची गोष्ट आहे, लहानथोर सगळ्यांनी ऐकावी अशी. तेव्हा झाडंवेली माणसांदेखत बोलत असत, आणि माणसं त्यांचं ऐकत नसत. एका राज्यात, एका गावाच्या शिवेवर डाळिंबांची बाग होती. बागेला लागून लहानसं तळं होतं. ओढ्यातून काढलेला पाट आधी तळं भरी, मग बागेत फिरे.

बाग दोघा भावांची. थोरला भाऊ लवकर वारला, आणि बाग सांभाळली ती त्याच्या बायकोने. बाई कष्टाळू, हाताला यश असलेली. तिच्या डाळिंबांसारखी डाळिंबं राजाच्या बागेतही पिकत नाहीत, असं लोक म्हणत. लोकांचं काय, फुकटचं सगळंच गोड लागतं. पण डाळिंबं खरोखरच चांगली होती.

डाळिंबाची एक रीत आहे. त्याला बारा महिने पाणी दिलं तर ते नुसतं पानांनी माजतं, फळाचं नाव काढत नाही. म्हणून दिवाळी झाली की त्याचं पाणी तोडतात. माती भेगाळते, पानं पिवळी पडून गळतात, झुडपाच्या नुसत्या काड्या राहतात. याला म्हणतात ताण देणं. मग वेळ पाहून पाणी सोडतात. त्याला म्हणतात ताण तोडणं. पाणी मुळाशी पोचलं की काडीकाडीवर लाल कळी दिसू लागते. थोरलीचा ताण कधी चुकला नाही. पानं पिवळी पडलेली दिसली की तिचा जीव सुखावे.

ही रीत बागेत राहिली असती तर ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

धाकट्या भावाचं लग्न झालं आणि घरात धाकटी आली. ती तळ्यांच्या मुलखातली. तिचे वडील डोंगीत बसून शिंगाडे काढत. सासरी येताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून शिंगाड्याची रोपं आणली आणि थोरलीला विचारून तळ्यात लावली. पोर हसरी होती, माणसांत रमणारी. कुणी दोन शब्द गोड बोललं की दिवसभराचं काम ती गुणगुणत उरकी.

थोरलीला ते हसणं म्हणजे नुसता पानांचा माज वाटला. हिला ताण द्यायला हवा, असं तिने ठरवलं. तिच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. तिच्या सासूने तिला असंच कोरडं ठेवलं होतं आणि त्यातूनच आपण घडलो, अशी तिची पक्की समजूत होती. तेव्हा तिने धाकटीशी कामापुरतंच बोलायचं ठेवलं. तिचं शेजारणींकडे जाणं बंद केलं. माहेरचा निरोप आला की तो उंबऱ्यावरूनच परत लावला. जेवण पोटभर मिळे, पण जवळ बसून कुणी वाढत नसे. धाकट्या दिराने एकदा तोंड उघडलं, तर तुला यातलं काय कळतं म्हणून त्याला गप्प केलं, आणि तो झालाही. अशा गप्प बसणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

दसऱ्यापर्यंत धाकटीचा चेहरा पिवळा पडला. ती हसेनाशी झाली, मग जेवेनाशी झाली. थोरलीने ते पाहिलं आणि मनात म्हणाली, ताण बसतोय.

दिवाळी होईतो तळ्यात शिंगाड्याची वेल चांगली पसरली होती. पांढरी फुलं येऊन गेली होती. थोरलीने काठावर उभं राहून पाहिलं, तर तिला फळ दिसेना. धाकटीने हळूच सांगितलं की हे फळ डाळिंबासारखं मिरवत नाही. ते पानाखाली पाण्यात असतं, पान उलटून बघावं लागतं. अजून कोवळं आहे, थोड्या दिवसांत भरेल. पण थोरली कशाला वाकते! पाण्यात लोळून कुणाला फळ येत नाही, असं म्हणून तिने पाट बंद केला आणि तळ्याचं पाणी अडवणारा मोरीचा दगडही काढायला सांगितलं.

त्या दिवशी धाकटीने पहिल्यांदा तिचा हात धरला.

"जाऊबाई, डाळिंबाचं पाणी तोडा. हिचं नका तोडू. ही पाणी पीत नाही, पाण्यात जगते."

"सगळे आधी असंच म्हणतात," थोरली म्हणाली. "मीही म्हटलं होतं."

दगड निघाला. तळं रिकामं झालं आणि वेल चिखलावर पसरली. काठावरच्या जुन्या डाळिंबाला तिची कणव आली. ते म्हणालं, "धीर धर. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं की आता संपलं सगळं. पण पाणी परत येतं, आणि मग असा बहर येतो की आपला आपल्यालाच ओळखू येत नाही."

"तुझं मूळ कुठवर गेलंय?" वेलीने विचारलं.

"पुष्कळ खोल. वर माती भेगाळली तरी खाली ओल असते. तिच्यावर माझा निभाव लागतो."

"माझी ओल वरच होती," वेल म्हणाली. "माझ्याखाली काही नाही."

आजवर ज्याला आपण आपला धीर म्हणत होतो, ती खालची ओल होती, हे डाळिंबाला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. चार दिवसांत वेलीची पानं पिवळी पडली. थोरलीने एकीकडे डाळिंबाची पिवळी पानं पाहिली, दुसरीकडे वेलीची, आणि समाधानाने घरी गेली. पिवळ्या पिवळ्यात फरक असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वेळ झाली तसा तिने ताण तोडला. पाटाला पाणी आलं, बाग भिजली, आणि डाळिंबं कळ्यांनी लाल झाली. मोरीचा दगड परत बसवला, तसं तळंही काठोकाठ भरलं. थोरली रोज तळ्यावर जाऊन बघे. पाणी निवळशंख होतं, पण वर एक पान येईना. शेवटी ती वाकली आणि पाण्यात हात घातला. हाताला कुजका पाचोळा लागला, आणि त्यात बोटभरही न वाढलेले, पोकळ शिंगाडे.

ती तशीच ओल्या हाताने घराकडे धावली. चूल पेटवली, गोडाचं केलं, धाकटीजवळ बसून तिला घास भरवू लागली. पाठीवरून हात फिरवला. जन्मात बोलली नव्हती इतकं गोड बोलली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, पण घास तिच्या गळ्याखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. एकही निरोप पोचत नाही म्हणून ते स्वतःच निघाले होते. लेकीला पाहून त्यांनी पाणीसुद्धा न घेता गाडी वळवली. दीर या वेळी गप्प राहिला नाही. वहिनीच्या पाया पडला आणि बायकोच्या मागोमाग निघून गेला.

डाळिंबं पिकली तेव्हा थोरली निवडक फळांची पाटी घेऊन तळ्यांच्या मुलखात गेली. धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाड्याची नवी रोपं लावत होती. चेहरा भरला होता. थोरलीला पाहताच ती बाहेर आली, पाया पडली, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करून तिला जवळ बसून वाढला.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "तळं भरून ठेवलंय. चल घरी."

"राग नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पण तळं भरलं म्हणून गेलेली वेल परत येत नाही. मी आता इथे लागले आहे."

थोरली रिकामी पाटी घेऊन परतली. बाग पुढेही दरवर्षी लगडत राहिली. एकटीच्या हातांना फळं आवरत नसत, निम्मी पोपट खाऊन जात. संध्याकाळी ती ओसरीवर बसे, तेव्हा तिच्याशी बोलायला घरात कुणी नसे, आणि तो ताण तोडणारंही कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: मूळ किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय कुणाचं पाणी तोडू नये.