आधी चूळ, मग काडी

कोणे एके काळी, माणसं बाभळीच्या काडीने दात घासत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात टोपल्या विणणारी एक बुरडीण राहायची. तिची लेक बकुळा बारा वर्षांची होती. बकुळाला बोलता येत नसे, नवी गोष्ट समजायला फार वेळ लागे, आणि कुणी अंगाला हात लावला की ती कान झाकून किंचाळे. लोक तिला वेडी म्हणत. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं.

बकुळाला तोंडात काडी मुळीच खपायची नाही. दात किडले, हिरड्या सुजल्या. दुखण्यापायी तिने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग वैद्यबुवा आले. चार दांडग्या गड्यांनी तिला धरलं आणि वैद्यबुवांनी दाढ उपटली. त्या दिवसापासून परकं माणूस दिसलं की पोर कोपऱ्यात दडून बसायची. जाताना वैद्यबुवा म्हणाले, "सहा महिन्यांनी परत येईन. दात असेच राहिले तर आणखी काढावे लागतील, आणि असंच धरून काढावे लागतील."

दुसऱ्या दिवसापासून बुरडीण काडी घेऊन लेकीच्या मागे लागली. आधी काडी चाव, मग तिचा कुंचा कर, मग घास, मग चूळ भर. तिने समजावलं, दटावलं, गुळाचा खडा दाखवला. छे! काडी ओठाला लागली की बकुळा आईच्या हाताला कडकडून चावायची. महिनाभराने बुरडिणीने काडी फेकून दिली आणि अंगणात मटकन बसून रडली.

तिचे सासरे ओसरीवर बांबू सोलत होते. म्हातारा तिरसट, गोड बोलणं त्याच्या गावीही नव्हतं. त्याने कोयता खाली ठेवला.

"सूनबाई, तू या घरात आलीस तेव्हा तुला मी टोपलीचं बूड घालायला बसवलं होतं का?"

नव्हतं. त्या घरची रीतच वेगळी. शिकणाऱ्याच्या हाती जवळजवळ विणून झालेली टोपली द्यायची, त्याने फक्त शेवटची कड वळायची. कड जमली की तिच्या खालचा एक फेर, मग दोन. बूड सगळ्यांत शेवटी. म्हणजे पहिल्याच दिवसापासून टोपली त्याच्या हातून पुरी होते. बुरडिणीने या रीतीने गावातल्या कितीतरी पोरी शिकवल्या होत्या, आणि पोटच्या पोरीच्या वेळी नेमकी विसरली होती.

तिने काडी लांब ठेवली. रोज सकाळी त्याच दगडावर बसायचं, तोच लोटा घ्यायचा. आई स्वतःचे दात घासायची आणि शेवटची चूळ तेवढी बकुळाने भरायची. पंधरा दिवसांनी ती जमली. मग आईच्या बोटाला ओला मऊ कपडा, एकच दात, आणि चूळ. मग दोन दात. मग पाण्यात भिजवून मऊ केलेली काडी. आधी लेकीच्या हातावर आईचा हात, मग नुसती दोन बोटं, मग तीही नाहीत. दगडाशेजारच्या भिंतीवर आईने चुन्याने चित्रं काढली: काडी, पुढचे दात, उजव्या दाढा, डाव्या दाढा, लोटा. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, एवढ्यात घोडं बोलायला शिकलं असतं. बुरडिणीने कानाडोळा केला.

सहा महिन्यांनी वैद्यबुवा आले, चार गडी घेऊनच. बकुळा दगडावर बसून दात घासत होती. माणसं पाहताच तिचा हात थांबला. गडी पुढे सरसावले, तसं बुरडिणीने त्यांना हाताने अडवलं. तिचा दुसरा हात लेकीकडे जाऊ पाहत होता, पण तिने तो पदरात घट्ट धरून ठेवला.

बकुळाने भिंतीकडे पाहिलं. पहिल्या चित्रावर बोट ठेवलं आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. पुढचे दात, उजव्या दाढा, डाव्या दाढा. शेवटी खळखळून चूळ भरली आणि आईकडे पाहून आ केला.

वैद्यबुवा हात न लावता वाकले. हिरड्यांची सूज गेली होती, कीड जिथल्या तिथे थांबली होती.

"एकही दात काढायचा नाही," ते म्हणाले.

गडी आल्या पावली परत गेले. बुरडिणीचा ऊर अभिमानाने भरून आला. माझ्या लेकीने आपले दात आपण वाचवले, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. म्हातारा मात्र गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नात कुणाची आहे!"

त्यानंतर वैद्यबुवांनी कुठल्याही लेकराच्या घरी गडी नेले नाहीत. ते आधी आईला दगडावर बसवत आणि लेकराच्या हाती लोटा देत.

तात्पर्य: पायरी चढवत नाही म्हणून पायाला नावं ठेवू नयेत, पायरी लहान करावी.