बुडालेल्या गलबताची तीन दारं

एका राज्यात, जिथे जमीन संपते आणि खाऱ्या पाण्याचा अंमल सुरू होतो तिथे, कुंतलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या बंदरात दूरदूरची गलबतं लागत, म्हणून त्याने दरबारात एक दुभाषी ठेवली होती. तिचं नाव वेणुका. तिचा बाप परक्या गलबतांना खडकांतून वाट दाखवी. त्याच्याबरोबर फिरता फिरता ती गोऱ्या खलाशांची इंग्रजी शिकली होती.

एके वर्षी एक इंग्रजी गलबत खडकावर फुटलं. त्यातली एकच बाई वाचली, ॲग्नेस नावाची म्हातारी. ती मंत्र जाणणारी होती. तिच्या खांद्यावर पांढरा काकाकुवा होता आणि काखेत शिसवी पेटी. पेटीत बुडालेल्या अकरा खलाशांच्या अकरा अंगठ्या होत्या. त्या त्यांच्या घरी पोचवीन, असं वचन तिने मरणाऱ्यांना दिलं होतं. परतीचं गलबत शोधायला ती किनाऱ्याने निघाली आणि जाताना पेटी राजाच्या हवाली करून गेली.

राजाने सहज म्हणून एक अंगठी बोटात घातली. तेवढ्यात त्याला एक परकं स्वयंपाकघर दिसलं. चुलीशी एक बाई बसली होती आणि कोणासाठी तरी गात होती. राजाची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. त्याने अंगठी काढली नाही.

महिन्याने ॲग्नेस परतली. "गलबत मिळालं," ती दरबारात म्हणाली. "माझी पेटी द्यावी."

वेणुकेने तिचा शब्द राजाला सांगितला. राजा म्हणाला, "तिला सांग, देणार नाही."

वेणुकेने म्हातारीच्या पायांकडे पाहिलं. ते चालून चालून सोलवटले होते. खरं सांगावं तर ही आकांत करील, शिपाई हिला ओढत नेतील. राजाला उलट विचारावं तर आपली जागा जाईल. तिने मधला मार्ग काढला. ती म्हणाली, "इट इज हार्ड फॉर द किंग टू गिव्ह इट." म्हणजे, ती देणं राजाला अवघड आहे.

"अडचण असेल तर थांबते," ॲग्नेस म्हणाली. "अडचणी सरतात."

ती बंदराच्या पायऱ्यांवर बसली. तिचं गलबत निघून गेलं. वेणुका रोज तिला भाकरी नेऊन देई. म्हातारी रोज विचारी, "अजून अवघडच आहे का?" आणि वेणुका मान हलवी. असे तीन महिने गेले.

काकाकुवा मात्र त्या दिवशी दरबारात होता आणि राजाचे शब्द त्याच्या कानात राहिले होते. एका भर दुपारी तो राजाच्याच आवाजात म्हणाला, "देणार नाही." शेजारी जाळं विणणाऱ्या कोळ्याने हातवारे करून म्हातारीला त्याचा अर्थ सांगितला.

ॲग्नेस उठली आणि दरबारात आली. आवाज न चढवता वेणुकेला म्हणाली, "आमच्या भाषेत जे काम अजून झालेलं नाही त्याच्या आधी एक एवढासा शब्द उभा असतो. टू. टू ड्रिंक, टू स्लीप. पिणं आहे, झोपणं आहे, पण अजून कोणी प्यालेलं नाही, झोपलेलं नाही. तुम्ही मला तीन महिने त्या शब्दापाशी बसवलंत. आता तुमचं राज्य तिथे थांबेल." मग ती समुद्रात चालत गेली. पाणी डोक्यावरून गेलं तरी तिची चाल बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला आणि विहिरीवर पोहरा ओढणारी एक बाई तशीच थांबली. हात दोरावर, मान तिरपी. श्वास चालू होता, डोळे हलत होते, तोंडातून एकच शब्द येत होता, "ओढायला… ओढायला…" तिसऱ्या दिवशी कुंभार थांबला, "घडवायला…" मग रोज दुपारी आणखी दहा, आणखी वीस. उन्हात त्यांच्या पापण्या मिटत नव्हत्या. घरची माणसं त्यांच्या डोळ्यांवर ओली फडकी धरीत, आणि धरता धरता त्यांतलंच एखादं माणूस हात उचललेला तसंच राही. पंधरवड्यात नगर उभ्या माणसांनी भरलं. रस्त्यांतून मधमाश्यांसारखी गुणगुण चाले, प्यायला, उचलायला, निजायला. राजाला आणि वेणुकेला मात्र काही झालं नाही.

सोळाव्या दुपारी वेणुकेची बहीण मंजुळा तान्ह्या लेकीला पदराखाली घेता घेता थांबली. "पाजायला… पाजायला…" पोरीचं तोंड वीतभर अंतरावर राहिलं. ती रडून निळी झाली तेव्हा वेणुकेने तिला आईच्या हातांतून सोडवलं आणि कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं. मंजुळेचे डोळे लेकीच्या मागे फिरत होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

वेणुका बंदरावर गेली. पायरीवर काकाकुवा बसला होता.

"यावर काही उपाय?" तिने विचारलं.

"ओहोटीला फुटलं गलबत उघडं पडतं," काकाकुवा म्हणाला. "त्यात तीन दारं आहेत. दार एक शब्द देईल. तो शब्द घेऊन त्याच्याच भाषेत खरं बोलायचं. खोटं बोललीस तर जीभ जाईल. अंगठ्या घेऊन जा. ज्याने घेतल्या, तोही यायला हवा."

वेणुका राजाकडे गेली. राजा डोळे मिटून बसला होता.

"महाराज, पेटी घेऊन फुटक्या गलबतात चलावं लागेल."

"पेटी घेऊन जा. मी कशाला?"

"माझी बहीण थांबली आहे. तिचं मूल रडतं आहे. इथवर ऐकू येतं."

राजाने कान दिला. मग उठून तिच्यामागून चालू लागला. पेटी वेणुकेच्या डोक्यावर होती. तीत दहाच अंगठ्या होत्या, हे तिने उचलण्याआधी मोजून पाहिलं होतं.

वाळूत कलंडलेलं गलबत शेवाळाने हिरवं झालं होतं. पहिल्या दाराच्या फळ्या ओठांसारख्या हलल्या. "अफ्रेड," दार म्हणालं. म्हणजे भ्यालेलं.

"आय ॲम अफ्रेड टू गो इन," वेणुका म्हणाली. आत जायला मी घाबरते आहे. ते खरंच होतं. दार उघडलं.

दुसरं दार म्हणालं, "ईझी."

वेणुका पेटी सावरत दाराजवळ सरकली. मग म्हणाली, "इट वॉज ईझी फॉर मी टू लाय." दार उघडलं.

"काय म्हणालीस?" राजाने विचारलं.

"खोटं बोलणं मला सोपं गेलं, असं म्हणाले. तुमचा नकार मी म्हातारीला सांगितला नव्हता, महाराज. तुम्हाला अवघड आहे, असं सांगितलं होतं."

"म्हणून ती थांबली?"

"म्हणून थांबली."

फळ्यांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं होतं. भरती वेळेआधी लागली होती.

तिसरं दार दोन झडपांचं होतं. ते म्हणालं, "राँग." म्हणजे चूक, असं वेणुकेने राजाला सांगितलं.

"सांग, चुकलं म्हणून," राजा म्हणाला.

"इट वॉज राँग फॉर अस टू कीप इट," वेणुकेने सांगितलं. आम्ही ती ठेवून घेणं चूक होतं. दार हललं नाही. पाणी कमरेला आलं.

"काय राहिलं?"

वेणुकेच्या ध्यानात आलं. "या भाषेत दोन लहान शब्द आहेत, महाराज. फॉर म्हटलं की बोट कामाकडे जातं. ते काम अवघड, ते काम चूक. ऑफ म्हटलं की बोट माणसाकडे वळतं." ती दाराकडे वळली. "इट वॉज राँग ऑफ मी टू हाइड द ट्रुथ." मी खरं लपवलं, तो दोष माझा.

एक झडप उघडली. दुसरी तशीच राहिली.

"माझ्या वतीने तूच सांग," राजा म्हणाला.

"आजवर तेच केलं. हा शब्द तुम्हालाच म्हणावा लागेल."

पाणी छातीशी आलं. राजाने डोळे मिटले. चुलीशी बसलेली बाई अजून गात होती. तिचं कडवं संपेपर्यंत त्याने ऐकलं, मग अंगठी बोटातून ओढली. खालचं बोट राखेसारखं झालं होतं. वेणुकेने एकेक शब्द सांगितला आणि तो मोडक्या उच्चारांत म्हणाला, "इट वॉज राँग ऑफ मी टू कीप इट." मी ती ठेवून घेतली, तो दोष माझा.

दुसरी झडप उघडली. पाणी उंबऱ्याशीच अडलं.

आत ॲग्नेस बसली होती. खोली कोरडी होती, पण तिचे केस पाण्यात असावेत तसे वर तरंगत होते. वेणुकेने तिच्यासमोर पेटी ठेवली आणि राजाने तीत अंगठी टाकली.

"तुमचे उपकार मी मानणार नाही," ती म्हणाली.

"मानू नका," वेणुका म्हणाली.

"मी तर मेले. त्यांच्या घरी पोचवणं आता मला खरोखरच अवघड आहे."

"मी पोचवीन."

ॲग्नेसने तिच्याकडे निरखून पाहिलं, पेटी तिच्या हातांत दिली आणि डोळे मिटले. तिचे केस हळूहळू खाली आले.

दोघं किनाऱ्याला लागली तेव्हा नगरातली गुणगुण थांबली होती. विहिरीवर पोहरा वर आला. कुंभाराच्या हाताखाली मडकं आकाराला आलं. वेणुका धावत घरी गेली. मंजुळा लेकीला पाजत होती. तिचा घसा बसला होता. एकच शब्द घोकून तो सुजला होता. तिने बहिणीला हाताने जवळ बसवलं. वेणुकेने तिला सगळं सांगितलं, आपला दोषही. मंजुळेने ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी तिने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

राजाने गलबत दिलं. वेणुका काकाकुव्याला घेऊन निघाली आणि त्याने दाखवलेल्या अकरा दारांवर उभी राहिली. काही घरांत माणसं होती, काहींत नव्हती. जिथे नव्हती तिथे तिने उंबऱ्याखाली अंगठी पुरली. परतायला तिला चार वर्षं लागली.

ती आली तेव्हा राजाचे केस पिकले होते. त्याने तिला पुन्हा दरबारात बसवलं. त्याच दिवशी एक परका सरदार बंदराचा अर्धा किनारा मागायला आला.

"त्याला सांग, मिळणार नाही," राजा म्हणाला.

वेणुकेने सरदाराकडे पाहून त्याच्या भाषेत सांगितलं, "मिळणार नाही."

सरदार रागावला, पण त्याच दिवशी शिडं उभारून आपल्या वाटेने गेला. त्या राज्यात पुढे कोणी मधेच थांबलं नाही. आणि ज्यांनी हे ऐकलं, तेही उठून आपापल्या कामाला गेले.